पाण्यावरच्या तवंगामुळे बारीक तरंग इतक्या लवकर का विरतात?

तरंगचिंतक (मूळ प्रश्न)

पातळ तवंगाचा बारीक तरंगांवर काय परिणाम होतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, म्हणून गेले काही आठवडे मी एक साधा प्रयोग करीत आहे. सुमारे ५० सेमी लांबीच्या उथळ काचपात्रात २ सेमी खोल पाणी घेतले आहे. एका टोकाला लहान ध्वनिवर्धकाच्या पडद्यावर चिकटवलेली सरळ पट्टी पाण्याला जेमतेम टेकते आणि सेकंदाला ३० वेळा वरखाली होते, त्यामुळे सरळ व समांतर तरंग पात्रभर पुढे जातात. वरचा दिवा त्याच वारंवारतेने लुकलुकता ठेवला आहे, म्हणून खालच्या पांढऱ्या कागदावर तरंगांचे उजळ व गडद पट्टे स्थिर उभे असल्यासारखे दिसतात.

पाणी स्वच्छ असताना हे पट्टे पात्राच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओळखता येतात. सुईचे टोक ओलेइक आम्लात बुडवून पाण्याला नुसते लावले, की क्षणार्धात पट्ट्यांचा पुढचा सगळा भाग पुसला जातो आणि ते पट्टीपासून थोड्याच अंतरावर संपतात. हा थर केवळ एका रेणूच्या जाडीचा, म्हणजे सुमारे २ नॅनोमीटरचा असतो, असे वाचले आहे. इतका पातळ थर २ सेमी खोल पाण्यातील तरंग कसे काय रोखू शकतो? तवंगामुळे पृष्ठताण कमी होतो, म्हणजे पृष्ठभाग अधिक सहज वाकला पाहिजे आणि तरंग उलट अधिक मोकळेपणाने हलले पाहिजेत, अशी माझी समजूत होती.

याखेरीज तीन निरीक्षणांचा उलगडा मला होत नाही. द्रव पॅराफिनचा थेंब टाकला असता काहीच घडले नाही; थेंब भिंगासारखा तरंगत राहिला आणि पट्टे पूर्वीसारखेच दिसत राहिले. भांड्यांच्या द्रव साबणाचा अगदी थोडा अंश घातला तेव्हा तरंग ओलेइक आम्लाइतकेच लवकर विरले, परंतु साबण बराच वाढवल्यावर ते पुन्हा दूरवर जाऊ लागले, जरी स्वच्छ पाण्याइतके दूर गेले नाहीत. आणि काहीही न मिसळता पात्र अर्धा-पाऊण तास तसेच उघडे ठेवले, तरी पट्टे हळूहळू आखूड होत जातात.

स्तरवेधी

तुमच्या समजुतीतील अडचण अशी आहे की तुम्ही पृष्ठताण किती आहे एवढाच विचार करीत आहात, तर तरंग विरण्याच्या दृष्टीने तो जागोजागी किती वेगळा आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते.

तरंग पुढे जात असताना पृष्ठभागावरचे पाणी केवळ वरखाली होत नाही, तर लहान वर्तुळांत फिरते, म्हणजे मागेपुढेही सरकते. या सरकण्यामुळे उंचवट्यापाशी पृष्ठभाग आकुंचन पावतो आणि खळग्यापाशी ताणला जातो. तुमच्या ३० हर्ट्झच्या तरंगांची लांबी स्वच्छ पाण्यात सुमारे ८.६ मिमी असायला हवी. त्यांचा आयाम, म्हणजे पाण्याच्या मूळ पातळीपासूनची कमाल उंची, ०.१ मिमी धरला, तर हे आकुंचन व ताण सुमारे सात टक्क्यांचे होतात. पाणी स्वच्छ असेल तर पृष्ठभागाला याचे काहीच वाटत नाही, कारण ताणलेल्या जागी आतून नवे रेणू येतात, दाटलेल्या जागचे आत जातात आणि पृष्ठताण सर्वत्र सारखा राहतो. तवंगाचे रेणू मात्र पाण्यात विरघळत नाहीत. ते उंचवट्यावर दाटतात आणि खळग्यात विरळ होतात. जेथे दाटी आहे तेथे पृष्ठताण कमी आणि जेथे विरळपणा आहे तेथे तो अधिक होतो. परिणामी पृष्ठभाग उंचवट्याकडून खळग्याकडे खेचला जातो, म्हणजे ज्या हालचालीमुळे हा फरक निर्माण झाला त्याच हालचालीला तो विरोध करतो. या गुणाला पृष्ठभागाची स्थितिस्थापकता म्हणतात.

आता पाण्याची श्यानता, म्हणजे त्याच्या थरांमधील अंतर्गत घर्षण, लक्षात घ्या. थर पुरेसा ताठ असेल तर पृष्ठभाग आडवा सरकतच नाही, मात्र त्याच्या किंचित खालचे पाणी पूर्वीसारखेच मागेपुढे होत राहते. स्थिर पृष्ठभाग आणि हलते पाणी यांच्यातला वेगाचा सगळा फरक एका पातळ सीमास्तरात मावावा लागतो. ३० हर्ट्झला या सीमास्तराची जाडी सुमारे ०.१ मिमी येते. स्वच्छ पाण्यात वेग खोलीनुसार बदलण्यासाठी जवळजवळ १.४ मिमी अंतर उपलब्ध असते. तेवढाच फरक चौदापट कमी जागेत घडू लागला, की घर्षण वाढते आणि तरंगाची ऊर्जा उष्णतेत जाते. तेव्हा २ नॅनोमीटरचा थर स्वतः फारशी ऊर्जा खात नाही. तो आपल्यापेक्षा पन्नास हजार पट जाड असलेल्या पाण्याच्या थराला घासायला भाग पाडतो, आणि माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

आकड्यांत पाहायचे तर, स्वच्छ पाण्यावर ३० हर्ट्झच्या सरळ तरंगाचा आयाम मूळच्या ३७ टक्क्यांवर येण्यास सुमारे ३१ सेमी अंतर लागते, तर पृष्ठताण तेवढाच ठेवून पृष्ठभाग पूर्णपणे ताठ आहे असे मानल्यास साडेनऊ सेमी पुरतात. ४० सेमी पार केल्यावर पहिल्या स्थितीत मूळ आयामाच्या चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग उरतो, दुसऱ्या स्थितीत दीड टक्का. पट्टे पुसले गेल्यासारखे दिसतात ते त्यामुळेच.

पॅराफिनचे कोडे याच विवेचनातून सुटते. ओलेइक आम्लाच्या रेणूला पाण्याकडे ओढ असलेले एक टोक असते आणि बाकीची लांब शेपटी पाण्यापासून दूर राहू पाहते, म्हणून ते रेणू पाण्यावर शेजारी शेजारी उभे राहून पसरतात. शुद्ध द्रव पॅराफिनच्या रेणूला असे टोकच नसते. ते पसरत नाही, थेंबाबाहेरच्या पृष्ठभागावर त्याचा थर तयार होत नाही, आणि थर नसेल तर विरोधही नाही.

काठावरचा

स्तरवेधी यांच्या स्पष्टीकरणाला माझी एकच, पण महत्त्वाची पुरवणी आहे. पृष्ठताण किती आहे याचाही परिणाम होतो, आणि तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला प्रति मीटर ७२.८ मिलिन्यूटन असतो. तो ४० वर आला आणि स्थितिस्थापकता अजिबात नसली, अशी कल्पना केली, तरी ३० हर्ट्झच्या तरंगाची लांबी ८.६ मिमीवरून सुमारे ७.२ मिमी होते, त्याची ऊर्जा अधिक सावकाश पुढे जाते आणि ३१ सेमीचे अंतर घटून साडेसतरा सेमीच्या आसपास येते. म्हणजे ताण कमी झाल्याने तरंग अधिक मोकळेपणाने हलतील ही अपेक्षा मुळातच उलटी होती. एकाच वारंवारतेला तरंग आखूड झाले की ते अधिक लवकर विरतात.

म्हणूनच माझी विनंती अशी, की पट्टे कोठे दिसेनासे होतात एवढेच पाहून निष्कर्ष काढू नयेत. दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्यात. लागोपाठच्या दहा-पंधरा पट्ट्यांमधले एकूण अंतर मोजले की तरंगलांबी मिळते आणि तिच्यावरून पृष्ठताण काढता येतो. विरण्याचा वेग मोजण्यासाठी लहान लेझरचा किरण पृष्ठभागावर तिरका टाकून त्याचे परावर्तन दूरच्या भिंतीवर पाहावे. तरंगामुळे प्रकाशाचा ठिपका लांबून रेघ होतो, आणि त्या रेघेची लांबी त्या जागच्या उताराच्या प्रमाणात असते. लेझर पट्टीपासून दूर दूर सरकवत रेघ मोजत गेलात, तर कागदावरच्या अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचे आकडे मिळतील. परावर्तित किरण कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही याची काळजी मात्र अवश्य घ्यावी.

आता अर्ध्या-पाऊण तासाच्या गोष्टीबद्दल. ही तक्रार जुनी आहे आणि तीत तुमचा दोष नाही. हवेतून, बोटांवरून, पात्राच्या कडांवरून येणारे स्निग्ध पदार्थ पृष्ठभागावर साचत जातात, आणि एका रेणूचा थर होण्यासाठी लागणारे द्रव्य इतके थोडे असते की ते डोळ्यांना कधीच दिसत नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपॅम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतले तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. हे वर्णन १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. चमचा ५ मिलिलिटरचा आणि अर्धा एकर २००० चौरस मीटरचा धरून भागाकार केला, तर जाडी अडीच नॅनोमीटर येते. हा भागाकार फ्रँकलिन यांनी केला नव्हता. पुढे १८९० मध्ये लॉर्ड रॅले यांनी ऑलिव्ह तेलाच्या थराची जाडी प्रत्यक्ष मोजली, ती सुमारे १.६ नॅनोमीटर भरली.

पृष्ठभाग स्वच्छ करण्याची सर्वांत चांगली रीत अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांनी दाखवून दिली. त्या कोणत्याही विद्यापीठात नव्हत्या. घरातच साध्या साहित्याने त्यांनी काठोकाठ भरलेल्या पात्रावर आडवी पट्टी सरकवण्याची युक्ती बसवली. पट्टी पुढे ढकलली की मळ एका बाजूला दाटतो आणि मागे ताजा पृष्ठभाग उघडा पडतो. ती किती सरकवली यावरून थराची दाटी आणि पृष्ठताण यांचा संबंधही पाहता येतो. त्यांनी रॅले यांना पाठवलेले पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची आठवण मी मुद्दाम काढीत आहे, कारण या विषयातील पुढच्या कितीतरी मोजमापांना त्या सरकत्या पट्टीचा आधार आहे, आणि तुमच्या पात्रालाही ती तशीच उपयोगी पडेल. पात्र काठाच्या किंचित वर येईपर्यंत भरा, पाणी न चिकटणारी पट्टी काठांवर टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा, आणि प्रत्येक मोजमापापूर्वी हे दोन-तीनदा करा.

नीलोर्मी

साबणाच्या निरीक्षणाकडे अजून कोणी वळलेले नाही; वास्तविक मला तेच सर्वांत रोचक वाटते. त्यात दोन वेगळी कारणे एकत्र आलेली असावीत.

पहिले कारण विरघळण्याचे. साबणाचे रेणू ओलेइक आम्लाप्रमाणे केवळ पृष्ठभागावर राहत नाहीत, ते पाण्यातही असतात. प्रमाण अगदी कमी असताना खालून रेणू वर येण्यास वेळ लागतो. ३० हर्ट्झच्या तरंगाचा एक फेरा ३३ मिलिसेकंदांत संपतो आणि तेवढ्या अवधीत पृष्ठभागाला रेणूंची देवघेव जमत नाही. म्हणून तो अविद्राव्य थरासारखाच वागतो. प्रमाण बरेच वाढवले की पृष्ठभागाच्या लगत रेणूंचा मोठा साठा असतो. खळग्यात विरळपणा आला की तो तत्काळ भरून निघतो, उंचवट्यावर दाटी झाली की जास्तीचे रेणू खाली उतरतात. पृष्ठताणातले फरक उभेच राहत नाहीत, स्थितिस्थापकता नाहीशी होते आणि तरंग पुन्हा मोकळे होतात. असे असूनही ते स्वच्छ पाण्याइतके दूर का जात नाहीत, याचे उत्तर काठावरचा यांनी दिलेलेच आहे. पृष्ठताण समजा प्रति मीटर ३० मिलिन्यूटनपर्यंत उतरला असेल, तर तेवढ्यानेच ते अंतर ३१ सेमीवरून सुमारे १३ सेमीवर येते.

दुसरे कारण थोडे अनपेक्षित आहे. थर जितका ताठ तितके तरंग लवकर विरतील, असे आपण गृहीत धरतो. तसे होत नाही. सर्वाधिक ऱ्हास मधल्या स्थितिस्थापकतेला होतो आणि तो पूर्णपणे ताठ थराच्या जवळजवळ दुप्पट असतो. स्थितिस्थापक थराला स्वतःचेही तरंग असतात, ज्यांत पृष्ठभाग वरखाली न होता केवळ आडवा दाटतो आणि विरळ होतो. लुकासेन या संशोधकांनी १९६८ मध्ये अशा अनुदैर्घ्य तरंगांचे विवेचन केले. या आडव्या तरंगांची चाल बारीक तरंगांच्या चालीशी जुळू लागली, की थर नुसता अडून राहत नाही, तर खालच्या पाण्याच्या तालाबाहेर स्वतः हलू लागतो. साध्या रेषीय सिद्धांतानुसार कमाल ऱ्हासाच्या वेळी पृष्ठभाग स्वच्छ पाण्याइतकाच मागेपुढे होत असतो, मात्र पाव फेऱ्याच्या फरकाने. त्यामुळे पृष्ठभाग व खालचे पाणी यांच्यातला सापेक्ष वेग ताठ थराच्या तुलनेत सुमारे १.४ पट होतो, आणि ऊर्जेचा व्यय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो दुप्पट होतो. तुमच्या वारंवारतेला ही स्थिती सुमारे ७ मिलिन्यूटन प्रति मीटर एवढ्या स्थितिस्थापकतेला येते. पाण्याच्या पृष्ठताणाच्या तुलनेत ही जेमतेम दहा टक्के आहे, म्हणून अर्धवट भरलेला, विरळ थरही पूर्ण थरापेक्षा परिणामकारक ठरू शकतो.

तुम्ही सुईच्या टोकाने आम्ल लावता तेव्हा बहुधा थेट पूर्ण थरावरच पोहोचता आणि मधली अवस्था निसटते. आम्लाचे विरळ द्रावण करून त्याचे मोजके थेंब टाकले, द्रावक उडून जाऊ दिला आणि प्रत्येक थेंबानंतर मोजमाप घेतले, तर हे शिखर तुम्हाला स्वतःला गाठता येईल.

दूरदर्शक

हाच विषय समुद्राच्या मोजमापाकडे नेतो, म्हणून थोडे लिहितो. कृत्रिम उपग्रहांवरील रडार समुद्राकडे तिरके पाहते आणि त्याच्याकडे परतणारा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या स्वतःच्या तरंगलांबीशी जुळणाऱ्या पाण्यावरच्या बारीक तरंगांकडून येतो. सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी सुमारे ५.५ सेमी आहे. ते उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून पाहत असेल, तर पाण्यावरचे जुळणारे तरंगही ५.५ सेमीचेच असतात. असा तरंग स्वच्छ पाण्यावर ३७ टक्क्यांवर येण्यास सुमारे ३८ सेकंद घेतो आणि ताठ थराखाली सुमारे ४ सेकंद. वाऱ्याने तो पुन्हा उभा करण्याआधीच तो मरतो, आणि तवंगाची जागा रडारच्या चित्रात काळी दिसते. अर्थात काळी दिसणारी प्रत्येक जागा सांडलेल्या तेलाचीच असते असे नाही. समुद्री जीवांपासून आलेले स्निग्ध पदार्थ अगदी तसाच डाग पाडतात, आणि वारा फारच मंद असला तर मुळात तरंगच उठत नाहीत.

मोठ्या लाटा मात्र तवंगाला दाद देत नाहीत. नीलोर्मी यांनी सांगितलेली इष्टतम स्थितिस्थापकता मी १० मीटर लांबीच्या लाटेसाठी काढून पाहिली. ती प्रति मीटर सुमारे १४ न्यूटन येते, म्हणजे पाण्याच्या एकूण पृष्ठताणाच्या जवळजवळ १९० पट. असा थर असूच शकत नाही. दाट आणि विरळ जागा इतक्या लांब अंतरावर असतात की त्यांच्यामधली ओढ नगण्य ठरते आणि तवंग लाटेबरोबर निमूटपणे सरकत राहतो. तेल ओतल्याने समुद्र शांत होतो असे खलाशी म्हणत, त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की वाऱ्याला पकडायला लागणारे बारीक तरंग नाहीसे होतात, लाटेत नवी ऊर्जा कमी जाते आणि तिचे माथे फुटणे कमी होते. आधीच उठलेली लांब लाट तवंगाखालून तशीच निघून जाते.

तरंगचिंतक

सर्वांचे मनापासून आभार. सरकती पट्टी आणि लेझर या दोन्ही सूचना मी अमलात आणल्या, आणि पहिल्याच दिवशी लक्षात आले की ज्याला मी इतके दिवस स्वच्छ पाणी म्हणत होतो ते स्वच्छ नव्हते. तीनदा पट्टी ओढल्यानंतर लेझरची रेघ पूर्वीपेक्षा कितीतरी सावकाश आखूड होऊ लागली. आयाम ३७ टक्क्यांवर येण्याचे अंतर २८ सेमी भरले. तरंगलांबी ८.५ मिमी आली.

त्यानंतर ओलेइक आम्लाचे विरळ द्रावण थेंबाथेंबाने घातले. पहिल्या दोन थेंबांनी काही फरक पडला नाही. तिसऱ्यानंतर तरंगलांबीत ओळखता येण्याजोगा बदल नसतानाही अंतर एकदम साडेपाच सेमीवर घसरले, आणि पुढे थेंब वाढवत गेलो तसे ते पुन्हा किंचित वाढून सात सेमीच्या जवळ स्थिरावले. तोवर तरंगलांबी ७.३ मिमी झाली होती. शिखर आहे याबद्दल आता मला शंका नाही. पूर्ण थर असताना अंतर स्तरवेधी यांच्या साडेनऊ सेमीपेक्षा कमी आले, ते पृष्ठताण उतरल्यामुळे, असे मी धरून चालतो; त्या तरंगलांबीवरून पृष्ठताण प्रति मीटर सुमारे ४२ मिलिन्यूटन निघतो आणि तो घेऊन हिशेब केला तर ताठ थरासाठी साडेसहा सेमी येतात.

आता हेच मोजमाप २० आणि ६० हर्ट्झला करणार आहे. नीलोर्मी यांच्या म्हणण्यावरून असे दिसते की वारंवारतेनुसार शिखर वेगळ्या स्थितिस्थापकतेला, म्हणजे कदाचित वेगळ्या थेंबाला, यायला हवे. तिसऱ्या थेंबाच्या आसपास अर्ध्या थेंबाचे टप्पे घेता येतील इतके विरळ द्रावण आधी करावे लागेल.